तापलेलं इंजिन

“येतील ना हो?”

हे विचारताना सरांचा उजवा हात कपाळावर आडवा असायचा आणि नजर रस्त्यावर. ऊन असो नसो, हात तिथेच. जूनमध्ये नवी मुलं यायच्या दिवशी तर तो खाली येतच नसे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लग्न दुसऱ्याच्या घरचं असलं तरी वऱ्हाड वेळेवर पोचेल का, या काळजीने यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बंद गुऱ्हाळाच्या जागेत त्यांनी शाळा काढली होती. पन्नास सालानंतरची गोष्ट. सकाळी शेत, मग लोहारकाम, सुतारकाम, ऑइल इंजिन, दुपारी गणित आणि शेवटी माझा मराठीचा तास. प्रत्येकाने सगळं शिकायचं. “मग पोरगं व्हनार कोन?” असं आईबाप विचारत. सर त्यावर इतकं बोलत, की विचारणारा जास्तच गोंधळे.

पहिल्या वर्षी मुलं टिकली नाहीत, तर जागा परत द्यायची असं ठरलं होतं. त्यामुळे सरांचा जीव टांगणीला. मुलं यायच्या पहिल्याच दिवशी आईबापांसमोर इंजिन चालू झालं नाही तर, या धास्तीने त्यांनी ते पहाटेच चालू करून ठेवलं. मी म्हणालो, “सर, जरा बंद ठेवू या.” तर म्हणाले, “आणि पुन्हा लागलंच नाही तर?”

वडगाव निंबाळकर, डाळज, इंदापूर, सगळीकडून बैलगाड्या आल्या. सरांचा चेहरा उजळला. तेवढ्यात भाच्याला घेऊन आलेल्या डाळजच्या एक आत्या पुढे झाल्या. नव्या अवजाराची पूजा करायची, म्हणून त्यांनी हळदकुंकू वाहिलं आणि तांब्याभर गार पाणी इंजिनावर ओतलं. तापलेलं बिडाचं लोखंड ताडकन तडकलं आणि इंजिन बंद पडलं.

“अपशकुन झाला,” कुणीतरी म्हणालं. वडगावच्या एका शेतकऱ्याने मुलाची वळकटी परत गाडीत टाकली. आत्या रडायच्या बेतात. सरांचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, संपलं सगळं.

“ह्या माउलीचा काही दोष नाही,” सर म्हणाले. “इंजिन मी तापवलं. तुमच्यासमोर चालू होईल का, याची मला फार भीती वाटत होती.”

मग तो वडगावकर हसला. “मास्तर, आमाला तरी दुसरं काय वाटत हुतं? पोरगं हितं टिकंल का न्हाय, ह्येच!” त्याने वळकटी खाली काढली. मुलांनी त्याच दिवशी इंजिन उघडलं, आणि तोच त्यांचा पहिला धडा ठरला.

पुढे दर वर्षी पूजा झाली, पण हळदकुंकवानेच, पाण्याला बंदी. सर मात्र सुधारले नाहीत. पहाटेपासून इंजिन चालूच.

सर गेले, त्याच्या पुढच्या जूनमध्ये मी फाटकाशी उभा होतो. एस.टी.तून आत्या उतरल्या, बरोबर धाकटा भाचा, हातात तांब्या.

“मोठं मास्तर दिसत न्हाईत?”

मी सांगितलं. मला नीट सांगताही आलं नाही. त्या सरळ इंजिनापाशी गेल्या आणि त्यावर तळहात टेकवला.

“गार हाय,” त्या म्हणाल्या.

“हो. यंदा पाणी घालायला हरकत नाही.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. “नगं. आदी चालू करा. ह्येला असं गार मी कदी बघितलं न्हाय.”

मराठीच्या मास्तराने आयुष्यात प्रथमच हँडल धरलं. सगळा जोर लावून फिरवलं. इंजिन नुसतं उसासलं. फाटकातून नवी मुलं आत येत होती.

“होईल ना हो चालू?” मी आत्यांना विचारलं, आणि पुन्हा हँडल धरलं.