शेठच्या गाडीचा भास्करभाऊ

भास्करभाऊ मडगार्डच्या आतल्या कडेला बोटानं ओला गुलाबी रंग फासायचा, गाडीत दोन जाडजूड माणसं बसवायचा आणि म्हणायचा, "फिरवून आण. आता चोर सापडतो." गाडी परत आली की जिथला रंग पुसलेला दिसे, तिथं टायर घासत होता. मग तो तेवढीच पत्र्याची कड हातोडीनं हलकेच दुमडत बसे. रंग सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्याच कापड रंगवण्याच्या कारखान्यातला. गाडीही त्याच कारखान्याच्या शेठची: दोन सीटांची, बिनछपराची, जुनी परदेशी स्पोर्ट्स कार. शेठच्या मुलाला तिच्या बारीक चाकांच्या जागी रुंद चाकं हवी होती. नव्वदच्या दशकात पैसेवाल्यांच्या पोरांना असली हौस नव्यानंच फुटली होती.

मी युनियनच्या पत्रकांवरच वाचायला शिकलो आणि पुढं स्वतःच पत्रकं लिहू लागलो. पण सभा उभी राहायची ती भास्करभाऊच्या आवाजावर. तो आमच्या नवागामच्या गल्लीतला, खानदेशातून आलेला, गॅरेजात पत्र्याचं काम करणारा. घोषणा देण्याआधी केस विंचरायचा आणि सभा संपली की हमखास विचारायचा, "आवाज कसा लागला?"

त्या महिन्यात हातमोजे मागितले म्हणून शेठनं दोन रंगाऱ्यांना कामावरून काढलं. रविवारी फाटकावर सभा ठरली. आणि आमचा आवाज रोज संध्याकाळी शेठच्या गाडीखाली आडवा!

"भाऊ, ज्यानं दोघांच्या पोटावर पाय दिला, त्याचीच गाडी सजवतोस?"

"पाय शेठनं दिला. गाडीनं काय केलं?"

"लोक म्हणतील, तू शेठचा झालास."

"तुले काय समजस? हे टायर वळणावर रस्ता कसा धरतात ते बघ. तुझं पत्रक धरतं का कुणाला असं?"

भोवती उकिडवे बसलेले कामगार खो खो हसले. माझं पत्रक न वाचताच घडी करून खिशात घालणारे हेच लोक इथं तासन्तास बसायचे. आणि तो पत्र्याशी बोलायचा, "थांब गं, झालंच." माझ्याशी तो इतक्या मायेनं कधी बोलला नव्हता. एका गाडीचा मला इतका हेवा वाटला की तिची काच फोडावीशी वाटली.

रविवारी सभेच्या वेळेलाच शेठचा मुलगा गॅरेजात आला. तीन रुंद चाकं बसली होती, चौथं अजून जुनंच होतं. मी भाऊला न्यायला आलो होतो.

"भास्करभाई, आजे पूरी करो. नहीं तो गाडी बीजे लई जाउं छुं." आज पुरी झाली नाही तर तो गाडी दुसरीकडं नेणार होता.

भास्करभाऊनं उरलेलं रुंद चाक भिंतीला टेकवून ठेवलं. मग हात पुसले, केस विंचरले आणि म्हणाला, "घेऊन जा."

फाटकावर त्याचा आवाज असा लागला की शेठ स्वतः बाहेर आला. दोघांना परत घेतलं, हातमोजेही कबूल केले. लोकांनी भाऊला खांद्यावर उचललं.

घरी येताना मी म्हणालो, "जिंकलो, भाऊ!"

"डावं मागचं चाक राहिलं रे," तो म्हणाला. "ती कड आता दुसरा कुणी ठोकून वाकडी करेल." आणि त्यानं तोंड फिरवलं.

आवाज कसा लागला, हे त्यानं त्या दिवशी विचारलं नाही. मी जन्मभर त्याचा हेवा केला, पण त्या वाटेवर केला तितका कधीच नाही. सोडताना डोळ्यांत पाणी यावं असं काहीतरी त्यानं चळवळीसाठी सोडलं होतं. माझ्याकडं सोडण्यासारखं काहीच नव्हतं.