काकांचा धर्मापुरीला वेढा

माझ्या थोरल्या चुलत्यांना दमवील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे, हे नांदूरघाटात कुणीही सांगेल. काका भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत, नुसते बसतात. तरुणपणी जत्रेत कुस्तीच्या फडात उतरले की डाव म्हणून टाकायचे नाहीत. समोरच्याच्या मानेवर हात ठेवून खांबासारखे उभे राहायचे, आणि तो बिचारा हिसके देऊन देऊन आपणच खाली बसायचा. बाजारात बैल घ्यायला गेले तर भाव एकदाच सांगून बैलाशेजारी पटका उशाला घेऊन आडवे होत. तिन्हीसांजा व्हायच्या, व्यापाऱ्याला घर गाठायचं असायचं, काकांना कुठंच जायचं नसायचं. बैल त्यांच्याच भावात मिळायचा. विजेच्या खांबासाठी एका कचेरीत ते असे ठाण मांडून बसले, की तिथला साहेब त्यांना आपलाच शिपाई समजून चहा आणायला पाठवू लागला. काका चहा आणत राहिले आणि खांबही आला.

हल्ली टीव्हीवर दूरच्या कुठल्याशा देशांची वर्षानुवर्षं चिघळलेली लढाई दाखवतात. चहाच्या हॉटेलात त्यावर रोज सभा भरते. कुणी म्हणतं तोफा लागतात, कुणी म्हणतं पैसा. काका बशी खाली ठेवून निकाल देतात, "तोफाबिफा काय न्हाई बे. ज्याला घाई न्हाई, त्यो जिंकतो." अशा या सेनापतींवर गेल्या वर्षी घरातूनच चाल झाली.

झालं असं, की धर्मापुरीला काकूंचं माहेर. तिथल्या धाकट्या भावानं मुलाच्या साखरपुड्याचं आवतण मोबाइलवर धाडलं. कुंकवाची डबी घेऊन माणूस दारात आल्याशिवाय काका त्याला आवतण मानीत नाहीत. "कावून जाऊ? त्याला पाय न्हाईत का?" म्हणून ते अडून बसले. काकू भावाच्या घरचं कार्य सोडणार थोड्याच! पिशवी भरून एकट्या निघाल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आता न्यायला तुमी आल्याबिगर मी यायची न्हाई." काका शांतपणे पान जुळवत मला म्हणाले, "यील आपली आपण. आपल्याला काय घाई हाय?"

आमच्या घरून डबा गेला तो त्यांनी परत केला. शेजारची रसद घेतली की लढाई हरली, असं त्यांचं म्हणणं. मग स्वतःच पिठलं करू लागले. त्यातल्या गुठळ्या ते भजी म्हणून खात आणि मलाही आग्रह करत. मी मात्र दोन्हीकडचा हेर होऊन बसलो होतो. काकूंचा रोज मला फोन यायचा, "जेवले का? खोकला कसा हाय?" आणि वर, "मी इचारलं म्हनून सांगू नको." फोन ठेवला की काका भिंतीकडं बघत विचारायचे, "कुनाचा होता?" मी म्हणायचो, "रिचार्जवाल्यांचा." ते म्हणायचे, "त्येंची तब्येत बरी हाय न्हवं?"

साखरपुडा होऊन गेला, त्याच पोराचं लग्नही होऊन गेलं, तरी तह होईना. मी दारातून हाक मारली, तर काका आता दोनदा बोलावल्याशिवाय ओ देईनासे झाले. आणि एक दिवस धर्मापुरीहून बातमी आली, की काकूंनी तिथं म्हैस घेतली. पाहुणी बाई फार तर कोंबडी पाळील. म्हैस घेतली म्हणजे मुक्काम पक्का. काकांच्या हातातला घास हातातच राहिला. "म्हैस?" एवढंच म्हणाले आणि उठून पटका बांधू लागले.

केजला गाडी बदलली, अंबाजोगाईला बदलली, सोबत मी. धर्मापुरीला मेव्हण्याच्या ओट्यावर जाऊन बसले. "या दाजी, कसं काय येणं केलं?" म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाले, "जुनं देऊळ बघायला आलतो." आतून काकूंचा आवाज आला, "बघून झालं असंल तर शेवटची गाडी जाईल म्हनावं." काका उठले नाहीत. बसण्यात त्यांचा हात धरणारा कोण? पण या वेळी ते बसल्या बसल्या घामाघूम झाले. मेव्हणा, त्याची बायको, नवी सून, सगळी उंबऱ्यात गोळा झाली होती. त्या सगळ्यांदेखत काका खाली बघून म्हणाले, "करमंना गं. चल घरी."

चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यांनी असलं काही बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. काकू बाहेर आल्या, पदर तोंडाला लावून हसल्या, डोळे मात्र भरलेले. म्हणाल्या, "म्हशीला टेंपो सांगावा लागंल."

परतताना काकू ड्रायव्हरशेजारी, आणि मागं म्हैस, काका आणि मी. मी विचारलं, "काका, कोण जिंकलं?" म्हशीची शेपटी तोंडावरून बाजूला करत ते म्हणाले, "लेका, तिला माझ्याबिगर करमत हुतं का न्हाई, त्येवढं सांग." मी रोजचे फोन एकदाचे सांगून टाकले. मग काका घर येईपर्यंत गालातल्या गालात हसत होते.

आता दोघंही थकले आहेत. काकू परसात जरी गेल्या तरी काका घरातून हाक मारतात, "आलीस का गं?" काकूंना हल्ली कमी ऐकू येतं, उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ शेजारच्या घरात माझाही जीव टांगणीला लागलेला असतो.