पाटावरची पक्कड

मरोळच्या आमच्या गाळ्यात खंडेनवमीला हत्यारं पाटावर जातात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. मला हा रिवाज आवडतो. त्या वर्षी मात्र मी तो मोडला, आणि त्याचं मला आजही तिळमात्र वाईट वाटत नाही.

बाटल्यांना लेबल लावणारं मशीन होतं. सहा मोटरी, प्रत्येकीचा वेग सांभाळणारा एक ड्राइव्ह, आणि कंट्रोलरचा हुकूम एका ड्राइव्हकडून दुसऱ्याकडे पोचवणारी बारीक केबल. वायरिंग सगळं माझं. ही केबल मी मोटरींच्या जाड केबलांपासून मुद्दाम लांबून नेली होती. दिसायला जरा बेंगरूळच. पूजेआधी साफसफाई करताना आमच्या म्हाताऱ्या फिटरकाकांना ते बघवलं नाही. मशीन नटलं पाहिजे म्हणून त्यांनी ती जाड केबलांच्याच डक्टमध्ये, म्हणजे झाकणाच्या पन्हळीत बसवली, प्लास्टिकचे टाय आवळले, झाकण लावलं आणि वर झेंडूची माळ सोडली.

दुपारी गिऱ्हाईक ट्रायल बघायला येणार होतं. पूजा आटपल्यावर मी मशीन चालवून बघितलं. हळू चालवलं तर झकास. पूर्ण वेगावर मात्र मोटरींच्या विजेचा गोंधळ शेजारच्या बारीक केबलमध्ये शिरायचा, ड्राइव्हना हुकूम कळेनासा व्हायचा आणि मशीन थांबायचं.

"हळूच दाखव ना," शेठ म्हणाले. "बाकी नंतर बघू."

"आणि त्यांच्याकडे जाऊन बंद पडलं की वायरिंग कोणाचं खराब? माझंच ना?"

मी पाटावरची पक्कड उचलली.

"आज हत्याराक हात लावचो नाय गो," काका कळवळून म्हणाले.

"देवीला काय सांगायचं ते मी सांगते, काका. तुम्ही ती माळ तेवढी धरा."

"ऐकणार नसशील तर उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाले.

मला भीती वाटली, राग त्याहून जास्त आला. काकांनी माळ धरली. मी टाय कापले, केबल परत लांबून नेली. बोटं कुंकवाने लाल झाली. दुपारी गिऱ्हाइकासमोर मशीन पूर्ण वेगावर सोडलं आणि ते थांबलं नाही. शेठनी पेढा पुढे केला. तो मी घेतला, माफी मात्र मागितली नाही. दसऱ्यानंतर नेहमीच्या वेळेला कामावर गेले.

पुढच्या नवमीला काकांनी सगळी हत्यारं पाटावर मांडली आणि माझी पक्कड तेवढी बाजूला ठेवली. मी ती उचलून स्वतः पाटावर नेऊन ठेवली. त्या वर्षी साफसफाईला मी कोणाला डक्टजवळ फिरकू दिलं नव्हतं.