घरी राहिलेली चावी

शिरीष गिऱ्हाइकाची चावी दातांत धरून काम करायचा. लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली जोडायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून चावी तोंडात. काम झालं की तीच लाळेची चावी शर्टाला पुसून मालकाच्या हातात. शी! माजिवड्याला त्याच्या शेजारीच माझं सीट कव्हरचं दुकान. रोज हेच बघायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी चिपवाल्या चाव्या नव्यानेच आलेल्या. गाडीने चावी ओळखली, तरच इंजिन चालणार. ती ओळख करून देणारं सॉफ्टवेअर आमच्या पट्ट्यात याच्या एकट्याकडे, त्यामुळे तोरा केवढा! कुणी स्क्रीनमध्ये डोकावलं की झाकण अर्धं मिटायचा. वर मला शिकवायचा, "ताई, विचारलं तेवढंच सांगायचं. जास्त सांगितलं की गिऱ्हाईक शहाणं होतं."

माझ्या भावाची एक चावी कोपरला हरवली. त्याने शिरीषकडून नवी करून घेतली. दुसरी ठाकुर्लीला घरी, वहिनीकडे होती. वहिनी नुकतीच गाडी शिकलेली. त्याच आठवड्यात भाऊ नवी चावी खिशात घेऊन, गाडी घरीच ठेवून, नाशिकला गेला आणि भरदुपारी बाबांच्या छातीत कळ आली. वहिनीने त्यांना कसंबसं गाडीत बसवलं, चावी फिरवली. इंजिन नुसतं घुरघुरायचं आणि बंद पडायचं. रिक्षा मिळेपर्यंत उशीर झाला. बाबा गेले.

शिरीष भेटायला आला. वहिनी रडत म्हणाली, "मलाच गाडी चालू करता आली नाही हो."

"होतं असं, वहिनी," हा म्हणाला. "घाबरल्यावर बायकांना नाही जमत."

महिन्याभराने एक गिऱ्हाईक तणतणत आलं. नवी चावी केल्यापासून घरातली जुनी चालत नव्हती. शिरीष हसला. "साहेब, नवी करताना सगळ्या चाव्या समोर लागतात. जी समोर नाही, तिची ओळख मशीन पुसून टाकतं. आणा, करून देतो." गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणतो, "बघा ताई, झक मारत परत येतात."

माझ्या हातातली कात्री तिथेच थांबली. "म्हणजे वहिनीची चावी तूच बंद केलीस? आणि तिच्यासमोर बसून गप्प राहिलास?"

"रडारडीत काय सांगायचं, ताई? म्हातारा परत येणार होता का?"

मेल्या, ती बाई महिनाभर स्वतःला खात होती रे! मी दुकान तसंच उघडं टाकून ठाकुर्लीला गेले. वहिनी ओट्याशी होती. एका दमात सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, त्याला शिव्या घालेल. ती पदराला हात पुसत खाली बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "म्हणजे मी चावी बरोबर फिरवली होती?"