कंपनीच्या बसमधली जागा

उदगीरहून निघालो तेव्हा डोक्यात एकच होतं. दोन्ही पोरांना एका घरात आणायचं. दत्ता आणि माधव चाकणला एकाच कंपनीत, एकाच लाइनवर काम करतात. पण थोरला दत्ता पर्मनंट, म्हणून पिंपळे सौदागरच्या सोसायटीत. धाकटा माधव कंत्राटी, म्हणून चाकणच्या पलीकडं पत्र्याच्या खोलीत. त्यांची आई गेल्यापासून हे मला फार खुपत होतं. मी एस.टी.तला रिटायर कंडक्टर, माणसांना जागा करून देण्यातच उमर गेली.

दत्ताच्या गेटवर वॉचमननं माझं नाव-गाव वहीत लिहून घेतलं. बापाला पोराकडं जायला वही! घरात एक खोली नुसती कपडे वाळत घालायला. माधवला इथं आणू का, विचारलं. दत्ता लगेच म्हणाला, "येऊ दे ना, अण्णा." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी पहाटेच माधवकडं निघालो. मोशीत बस तासभर हलली नाही. तिथं शेतं म्हणून ऐकलं होतं, दिसले नुसते टॉवर. माधवची घरमालकीण गावातली जुनी म्हातारी. तिनं खोल्यांच्या रांगा दाखवल्या: ही मराठवाड्याची, ती विदर्भाची, मागची यूपीवाल्यांची.

"आमी न्हाई वाटण्या केल्या," ती म्हणाली. "ज्यो त्यो आपल्याच गाववाल्याला आणतो. पर्मनंट झाला की निघून जातो."

सूनबाईनं येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ) घालून आमटी केली होती. दोन भाकरी जास्तच खाल्ल्या. माधव मात्र यायला तयार नव्हता. तिथून पाळीवर वेळेत पोचणार कसं, हा त्याचा सवाल. दत्ताच्या दारात कंपनीची बस येते की, मी म्हटलं. तो नुसता हसला. ड्रायव्हरशी मी बोलतो म्हणून हट्टानं त्याला घेऊन आलो.

दोघांची दुसरी पाळी होती. दुपारी दत्ताच्या गेटवर बस आली, निम्मी रिकामी. ड्रायव्हरनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"काका, कंत्राटी माणूस बसवला तर माझी नोकरी जाईल. तुम्ही एस.टी.तले, तुम्हाला काय सांगायचं?"

विनातिकीट माणसं मीही भर उन्हात उतरवली होती. दत्ताकडं बघितलं. तो बसमध्ये खिडकीशी बसला होता, शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी. मोबाइलमधून मान वर काढली नाही. त्याच्या शब्दानं काही झालं नसतं, मला ठाऊक आहे. तरी एक शब्द बोलायचा होता रे!

बस गेली. पर्मनंटची घरं जिथं, तिथं बस. आणि बस जिथं, तिथंच त्यांची घरं. माधवला आत शिरायला फटच नव्हती.

"अण्णा, निघतो. उशीर झाला तर खाडा पडेल," म्हणत तो रिक्षामागं पळाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याला हे आधीच माहीत होतं. पाळी सुटल्यावर तो आपल्या खोलीवरच गेला.

परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं माझा जुना पास ओळखला, पुढची सीट दिली. टेंभुर्णीला एक बाई चढली, कडेवर मूल. ती बराच वेळ उभी होती म्हणे. मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

"आजोबा, पिशवी उचला की," कंडक्टर म्हणाला.

तेव्हा बघितलं. शेजारच्या सीटवर माझी पिशवी होती. दत्ता माझाच पोरगा.