आंटी, नाव घ्या ना

गेल्या आठवड्यात आमच्या मांजर्लीच्या बिल्डिंगमध्ये गणपतीसमोर बायकांचा कार्यक्रम होता. दरवर्षी संगीत खुर्ची असते... यंदा सेक्रेटरीच्या बायकोने, म्हणजे स्मिताने, मला गळ घातली. "काकू, तुम्ही एवढं वाचता, देवाच्या नावांवर बोला काहीतरी."

मी सातवी शिकलेली. वाचनाची गोडी लागली ती यांच्यामुळे, लायब्ररीतून येताना एक पुस्तक माझ्यासाठी असायचंच. हे जाऊन सहा वर्षं झाली, पण लायब्ररीचं कार्ड चालू ठेवलंय.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बसलो सगळ्या. मी सांगितलं, विष्णूला हजार नावं, शिखांचा वाहेगुरू, पारशांचा अहुरमज्द. माझ्या माहेरी वांगणीला शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला दगड होता, त्याला तर नावच नव्हतं... आम्ही नुसतं 'देव' म्हणायचो आणि पहिली काकडी त्याच्यापुढे ठेवायचो.

तळमजल्यावरची शबानाभाभी म्हणाली, "आमच्यात अल्लाची नव्याण्णव नावं. मला वदूद आवडतं... प्यार करनेवाला." उल्हासनगरहून नुकतीच राहायला आलेली कविता ओरडली, "आम्हा सिंधींचा झूलेलाल! पाण्यातून येतो तो." त्यावर कोणीतरी म्हणालं, "बाई गं, पाण्यातून येणारं इथे काही नको, मागच्या पुरात माझी स्कूटी गेली." सगळ्या खो खो हसल्या.

मग मी ज्यू लोकांचं सांगितलं. ते देवाचं खरं नाव तोंडातून काढतच नाहीत, आदर म्हणून नुसतं 'ते नाव' म्हणतात. "आपण नाही का नवऱ्याला 'हे' म्हणत... तसंच," मी म्हटलं.

झालं! कविता खुर्चीतून उठलीच. "आंटी, मग अंकलचं नाव काय होतं? दरवाजावर तर फक्त आडनाव आहे. नाव घ्या ना, ते उखाणा का काय... हळदीकुंकवाला सगळ्या बोलतात ना, तसं!"

स्मिताने तिचा हात ओढला, "ए कविता, गप. काकूंना असं नाही विचारायचं." बिचारीचा चेहरा उतरला. तिला काय माहीत, हळदीकुंकवाला मी नसतेच ते... आणि का नसते ते.

खरं सांगू? मला राग नाही आला. सगळा संसार झाला तरी लग्नातल्या नि मंगळागौरीतल्या उखाण्यांशिवाय मी यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. मुलगा बाबा म्हणतो, सून बाबा म्हणते, यांना नावाने हाक मारणारे भाऊही आता नाहीत. वीजबिलसुद्धा मुलाच्या नावावर झालंय... ते नाव शेवटचं कधी कानावर पडलं, मला आठवत नव्हतं.

मी उभी राहिले. शब्द आपसूक आले.

"कोणी म्हणे अल्ला, कोणी झूलेलाल,
दत्तारामांचं नाव घेते, पुसून दोन्ही गाल."

टाळ्या पडल्या... स्मिता पदराने डोळे टिपत होती आणि कविता मला येऊन बिलगली. "सॉरी आंटी," ती म्हणत राहिली. मी म्हटलं, "सॉरी कसलं गं, वेडे... अजून एक घेऊ का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शबानाभाभी शीरखुर्म्याचं भांडं घेऊन वर आली. बसली, आणि सहज म्हणाली, "दत्तारामभाई कैसे थे?"

ती दारात आल्यापासून मी चहाचं आधण ठेवायचं म्हणत होते, ते तसंच राहिलं. यांचं मोठ्याने हसणं, पुस्तकात बसचं तिकीट खूण म्हणून घालणं, भाजीवालीशी उगाच घासाघीस करणं... सांगतच बसले, संध्याकाळ होईपर्यंत.

हजार नावांच्या देवाला आठवायला सगळं जग आहे. माझ्या माणसाचं एकच नाव, तेही मी जपून जपून मुकं करून ठेवलं होतं... विचारलंस, कविता, बरं केलंस.