वरच्या मजल्यावरचं रेकॉर्ड

"हातातलं काम तिथंच ठेवा आणि सगळ्या बाहेर या," मी म्हणाले.

बायकांनी आधी सचिव गायकवाडांकडे पाहिलं. गायकवाड हसले. त्यांना वाटलं, मला धुळीचा त्रास होतोय.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारतीतलं वजन कोण आणि किती पेलतंय, हे तपासणं माझं काम. ऑफिस शिरूरला, कामं बहुतेक कारखान्यांच्या शेडची. वरवंडजवळच्या एका सहकारी संस्थेच्या भिंतीला ओल येत होती, ती बघायला मला बोलावलं होतं. वर संस्थेचं ऑफिस. खालच्या हॉलमध्ये गावातल्या बचत गटाचं रद्दीचं काम चाले. शाळा, दुकानं, ऑफिसं इथला कागद आणून बायका तो निवडत. पांढरा वेगळा, वर्तमानपत्रं वेगळी, पुठ्ठा वेगळा. मग टेम्पो भरून तो पेपर मिलला जाई.

ओल बघून मी निघाले होते. हॉलच्या मधोमध विटांचं पार्टिशन होतं, त्याचं दार उघडेना. गटाच्या प्रमुख शोभाताईंनी खांदा लावून ते ढकललं.

"लाकूड फुगलंय का?" मी विचारलं.

"न्हाई, मॅडम. उन्हाळ्यातबी आसंच. दोनदा रंधा मारून घेतला, तरी धरतंय."

उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं. मग दार धरतंय कशानं? वर पाहिलं. छताला मधोमध बारीक तडा होता. मी दोरी मागवली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छताखाली ताणून धरायला लावली. भिंतींजवळ दोरी आणि छत यांच्यामध्ये हात जात होता. मध्यावर दोरी छताला टेकत होती. आम्ही याला डिफ्लेक्शन म्हणतो. सरळ सांगायचं तर स्लॅबला पोट आलं होतं आणि ते दाराच्या चौकटीवर बसलं होतं. म्हणून बायकांना बाहेर काढलं.

वर रेकॉर्ड रूम होती. लोखंडी रॅक छतापर्यंत फायलींनी भरलेले. दोन रॅकांमध्ये जमिनीवरही गठ्ठे. भिंतींना ओल येते, कागद भिजू नयेत, म्हणून गायकवाडांनी सगळे रॅक खोलीच्या मध्यावर घेतले होते. त्यांनी काळजीनंच केलं होतं. पण स्लॅब सगळ्यात कमजोर असतो तो मध्यावरच.

"हे आजच खाली घ्यावं लागेल," मी म्हणाले.

गायकवाडांचं हसू गेलं. रेकॉर्ड काढायचं तर ठराव लागतो, वर्गवारी लागते, ऑडिटरची सही लागते, असं त्यांनी सांगितलं. गट कितीदा रद्दी मागायला आला, तरी याच कारणानं त्यांनी दिली नव्हती. रद्दीत घालायला ठराव लागतो, नुसतं हलवायला कशाला, असं मी विचारलं. ते हळूच म्हणाले, "एक फाईल गहाळ झाली तरी माझी पेन्शन अडकते, मॅडम."

भीती खरी होती. मी वाद घातला नाही. चेअरमनला फोन लावला. सगळे त्यांना आप्पा म्हणत. ते कांद्याच्या रानातून तसेच आले. सगळं ऐकून घेतलं.

"इतकी वर्षं उभीच हाय की बिल्डिंग. मीटिंग व्हईपातुर काय व्हतंय?"

"होणार नाही कदाचित. पण तोवर खाली कोण बसणार, ते तुम्ही सांगा. मी सांगू शकत नाही."

आप्पांनी अंगणात उभ्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "गायकवाड, गोदाम उघडा."

शेजारचं खताचं गोदाम रिकामं होतं. ते थेट जमिनीवर, तिथं कितीही कागद रचला तरी भीती नाही. दौंडच्या एका सेंट्रिंगवाल्याकडून लोखंडी प्रॉप, म्हणजे टेकू, मागवले. स्लॅबला वर ढकलायचं नाही, फक्त हात द्यायचा, हे मी त्याच्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगितलं. टेकू लागल्यावरच गठ्ठे हलवायला सुरुवात केली. वर मोजकी माणसं, तीही भिंतीकडेनं. जिन्यावरून गोदामापर्यंत बायकांची रांग. गोदामाच्या दाराशी गायकवाड खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक गठ्ठ्यावर खडूनं नंबर घालत राहिले.

निम्मे रॅक रिकामे झाले असतील. खालच्या हॉलमध्ये धाडकन लोखंड आपटलं. रांग मोडली, गठ्ठे टाकून सगळ्या अंगणात पळाल्या. वर अजून माणसं होती. त्यांना मी आहेत तिथंच भिंतीला टेकून उभं राहायला ओरडून सांगितलं आणि दारातून आत बॅटरी मारली.

एक टेकू आडवा पडला होता. छत जागेवर होतं.

ओझं कमी झालं तसा स्लॅब जरासा वर उचलला होता, आणि टेकू सैल पडला होता. ही चांगली खूण. बाकीचे टेकू पुन्हा आवळून घेतले, मग रांग परत लागली. सगळ्यात आधी शोभाताई उभ्या राहिल्या.

पुढं ठराव झाला, ऑडिटर आला. गोदामात गायकवाड आणि गटाच्या बायका समोरासमोर बसून फायली निवडू लागले. सभासदांचे शेअर आणि जमिनीचे कागद राहिले. बाकी बहुतेक एकाच परिपत्रकाच्या प्रती निघाल्या. खाते नंबर असलेले कागद बायकांनी फाडून पोत्यांत भरले आणि ते पोत्यांसकट मिलला गेले. स्लॅबखाली लोखंडी बीम टाकून घेतला, भिंतीची ओल बाहेरून बंद केली. गट पुन्हा हॉलमध्ये आला. गायकवाड वेळेवर रिटायर झाले, पेन्शनसह.

आता कुठल्याही जुन्या ऑफिसात गेले, की मी आधी विचारते, वर काय ठेवलंय. "काही नाही, नुसते कागद," असं उत्तर आलं, की मी चप्पल काढते, फरशी मध्ये दबलीये का ते पायाला कळावं म्हणून, आणि जिना चढते.